मिशीखालचे मामा

तीर्थरूप मामांच्या पायाशी भाचीचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात साष्टांग. प्रत्यक्षात सध्या मला कमरेतून वाकता येत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं डोकं दुखायचं थांबलं का, की तुम्ही अजूनही रेडिओ शेजाऱ्यांसाठीच लावता? दारातल्या कुत्र्याने नव्या पोस्टमनला घरचा माणूस मानायला सुरुवात केली का? आणि मुख्य म्हणजे, तुमची मिशी कशी आहे? हा शेवटचा प्रश्न लोक सहसा पत्रात विचारत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण मीही तो उगाच विचारलेला नाही.

तुम्ही हे पत्र उभ्या उभ्याच वाचत असणार आणि निकाल सापडेपर्यंत खाली बसणार नाही, म्हणून तो आधीच सांगून टाकते. राहिले. मूर्तिकलेच्या वर्गातच राहिले. आता बसा, आणि गुडघ्याखाली उशी घ्या, कारण पत्र लांबणार आहे. वर्षाच्या शेवटी आमच्याकडे बाहेरचे परीक्षक येतात आणि ज्यांचा हात या कामाला नाही त्यांची रवानगी दुसऱ्या वर्गात करतात, हे तुम्हाला माहीत आहेच. माझी तशी रवानगी झाली असती तर मी थेट घरी परतून बाबांच्या चष्म्याच्या दुकानात बसायचं, असं ठरलं होतं. ते ठरवलं तुम्ही आणि बाबांनी, आमच्या जेवणाच्या टेबलाशी, ताटं वाळत असताना. एक वर्ष द्या पोरीला, नाही जमलं तर मी स्वतः तिला हाताला धरून दुकानात आणून बसवतो, असं तुम्ही ओरडून सांगितलंत. बाबाही ओरडले. (दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत ‘हे स्पष्ट दिसतं की ते?’ असं विचारून विचारून बाबांना जगातली प्रत्येक गोष्ट दोनातली एक करून हवी असते.) आई तेवढी ओठ मिटून बसली होती. ती एक अक्षर बोलली नाही, आणि आपण सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकलं की ती रागावलीय. बाबांना वाटलं, तिला मी जायला नको आहे. तुम्हाला वाटलं, पोरीला फूस लावली म्हणून बहिणीने आपल्याशी अबोला धरला. तेव्हापासून तुम्ही आमच्या घराची पायरी चढला नाहीत. मला वाटलं, दोन्ही खरं असेल, आणि मी ट्रंक भरली.

आता कलाशिक्षण. मामा, मी इथे येताना माझ्या डोळ्यांपुढे संगमरवर होता. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडी, कपाळावर केसांची बट, आणि दगडातून हळूहळू बाहेर येणारं कोणीतरी. प्रत्यक्षात पहिले कित्येक आठवडे मी माती तुडवली. मोठ्या हौदात जुन्या कामांची मोडतोड भिजत घातलेली असते, तिच्यात पाय घालून उभं राहायचं आणि तुडवत राहायचं, मग ती टेबलावर घेऊन मळायची, मधून तारेने कापायची, आत हवेचा बुडबुडा दिसला की पुन्हा मळायची. हा बुडबुडा फार नीच असतो. तो कधीच वर येत नाही, नेहमी नाकाच्या आतच राहतो. माझी कंबर गेली ती या मळण्यात. आमच्या वर्गातला एकजण, ज्याला आम्ही ठोकळा म्हणतो (तो माणूस करो की मांजर, शेवटी ठोकळाच होतो, आणि तो म्हणतो की ते मुद्दामच आहे), तो म्हणाला की वर्षाच्या शेवटी आपल्याला कला आली नाही तरी बेकरीत नोकरी नक्की मिळेल. मी तुम्हाला पत्रांतून ‘सध्या मूलभूत साधना चालू आहे’ असं कळवत होते ती हीच.

आमच्या सरांना आम्ही आपसात हूं सर म्हणतो, कारण ‘हूं’ सोडून त्यांच्याकडे फारसा शब्दसाठा नाही. छोटा हूं म्हणजे ठीक आहे, चालू ठेव. नाकातून आलेला हूं म्हणजे मोडून टाक. एक लांबलचक हूं असतो, त्याचा अर्थ सरांना चहा हवाय एवढाच. (सुरुवातीला मी तो लांबलचक ऐकून एक बऱ्यापैकी जमलेलं पाऊल मोडून टाकलं होतं. सर चहा पिऊन परतले तेव्हा पाऊल कुठे गेलं म्हणून विचारत होते.) बोलले तर ते एकच गोष्ट बोलतात: फिर. म्हणजे कामाभोवती फिर. मी समोर उभी राहून मन लावून चेहरा करत असायची आणि मागून आवाज यायचा, फिर. मग मी फिरायची, आणि कळायचं की समोरून माणूस असलेली ती वस्तू बाजूने पाहिली तर ताटाला नाक लावल्यासारखी आहे.

पहिलं डोकं केलं तेव्हा तर आतला तारेचा सांगाडाच कच्चा बांधला होता. शनिवारी मी ओली फडकी गुंडाळून, वर प्लास्टिक बांधून डोकं ताठ मानेचं ठेवून गेले, आणि सोमवारी उघडलं तर हनुवटी छातीला टेकलेली. वजनाने हळूहळू झुकत गेलं होतं बिचारं. ठोकळ्याने शेजारी पाटी लावली: ‘शांतता राखा, झोपले आहेत.’ सर आले, बघितलं, नाकातून हूं केलं. मला रडू आलं नाही, पण हौदाशी जाऊन बराच वेळ माती तुडवली.

तर शेवटच्या कामाला विषय होता ओळखीचं माणूस. मी तुम्हाला निवडलं. का, ते खरं सांगते. एक तर तुमच्यामुळे मी इथे आले. दुसरं म्हणजे तुमची मिशी. तुमच्यासारखं टक्कल पुष्कळांना असतं, पण अशी मिशी दुसऱ्या कुणाला नाही. आपण लहान मुलांच्या वहीत गोल काढून त्यात ती मिशी काढली तरी पोरं ओळखतील. मला वाटलं, मिशी जमली की मामा जमले. म्हणून मी तुमच्याकडे फोटो मागितले, आणि तुम्ही समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पाठमोरा असे सगळे पाठवलेत. (पाठमोऱ्या फोटोत मामी मागे खिडकीत हसताना दिसतात. त्यांना सांगा, त्याही फार छान आल्यात.) मग तुमचं डोकं करणं सुरू झालं. रोज सकाळी मी तुमच्या टाळूवर पाणी मारत होते, दुपारी तुमचे कान कापून मागे सरकवत होते, संध्याकाळी तुम्हाला ओल्या फडक्यात गुंडाळून घरी जात होते. तुम्हाला उचक्या लागल्या असतील तर त्या त्या दिवसांतल्याच.

सर एक दिवस येऊन थांबले. तेव्हा मिशी अजून बसवली नव्हती, नाकाखाली नुसता सपाट गोळा होता. त्यांनी विचारलं, मिशीखाली काय आहे? मी म्हटलं, सर, ते कुणीच पाहिलेलं नाही. लग्नातही मिशी होती. मामींनीसुद्धा पाहिलेलं नाही. सर म्हणाले, ओठ कसा आहे ते कळल्याशिवाय मिशी चिकटवू नकोस. मी मान डोलावली, आणि त्यांची पाठ वळताच मातीची जाड वळी लाटून चिकटवून टाकली. काटा फिरवून तिच्यावर केसही काढले, टोकांना पीळ दिला. लांबून बघितलं तर तुम्हीच! ठोकळ्याने चक्क नमस्कार केला. सर परत आले, फेरी मारली, काही म्हणाले नाहीत. साधा हूंसुद्धा नाही. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं, पण मी मिशीच्या आनंदात होते.

आता प्लास्टरचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. मातीचं डोकं टिकत नाही, म्हणून त्यावर प्लास्टर थापून साचा करतात. तो वाळला की उघडून आतली माती काढायची, पोकळी धुऊन साबण लावायचा, साचा पुन्हा मिटवून आत नवं प्लास्टर भरायचं. ते घट्ट झालं की बाहेरचा साचा छिन्नीने फोडून काढायचा, आत डोकं तयार. अडचण एवढीच की साचाही पांढरा आणि डोकंही पांढरं. म्हणून साच्याचा पहिला, अगदी आतला थर देताना प्लास्टरमध्ये कपड्यांची नीळ कालवतात. मग फोडताना आधी पांढरं उडतं, आणि निळं दिसलं की समजायचं, आता जपून, खाली माणूस आहे. मी नीळ आणली होती. पुडी करून एप्रनच्या खिशात ठेवली होती. पण प्लास्टर पाण्यात पडलं की कुणासाठी थांबत नाही. घमेल्यात ते घट्ट व्हायला लागलं, माझी धांदल उडाली, हाताने शिंपडत सुटले, थरावर थर चढवले, आणि इतकं सुरेख, गुळगुळीत काम झालं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी सकाळी साचा फोडायला बसले. सर नेहमी सांगतात की टाळूपासून सुरुवात करा, टाळू सोपी असते. पण मला घाई मिशीची. म्हटलं, एकदा मिशी सुखरूप बाहेर आली की बाकीचं डोकं आपोआप येईल. छिन्नी नाकाखाली लावली आणि ठोकत गेले. पांढरं उडालं. आणखी पांढरं उडालं. निळं दिसलं की थांबू, असं मनात म्हणत मी अगदी निर्धास्त ठोकत होते, आणि निळं काही येईना. मग एक तुकडा उडून माझ्या मांडीवर पडला. त्याच्यावर काट्याने काढलेले केस होते. टोकाला पीळही होता. मामा, ती मिशी होती. घाम पुसायला खिशातून रुमाल काढला तर त्याच्याबरोबर निळीची पुडी फुटून बाहेर आली, आणि ती मी तशीच तोंडाला फासली. ठोकळ्याने आधी मला पाहिलं, मग तुम्हाला पाहिलं, आणि म्हणाला, निळा थर दिलास की गं, फक्त चुकीच्या माणसाला.

उरलेलं डोकं मी बोथट छिन्नीने जवळजवळ कुरवाळूनच बाहेर काढलं. कान, टाळू, नाक, सगळं शाबूत. फक्त नाकाखाली खडबडीत उंचवटा, आणि मिशीचे तुकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात. मी ते चिकटवून पाहिले, पडले. ठोकळा म्हणाला, कापूस लावू. मी त्याला हाकलून दिलं आणि टेबलाखाली जाऊन बसले, आणि तिथे बसून चष्म्याच्या दुकानातलं पुढचं आयुष्य डोळ्यांसमोर आणलं. हे स्पष्ट दिसतं की ते? हे की ते? तुम्ही मला हाताला धरून दुकानात आणताय आणि बाबा काउंटरमागून बघतायत, हेही दिसलं. त्याचंच जास्त वाईट वाटलं. तुम्ही माझ्यासाठी टाकलेला शब्द माझ्या हाताने वाया गेला होता.

सर आले. डोक्याभोवती सावकाश फिरले. मग खाली वाकून मला म्हणाले, आता तरी बघ, खाली काय आहे. मी म्हटलं, सर, खरंच माहीत नाही. त्यांनी माझ्या हातात कानस दिली आणि निघून गेले. मी उभी राहिले आणि पहिल्यांदाच फोटो न बघता तुम्हाला आठवायला लागले. तुम्हाला मामींचं म्हणणं पटत नाही पण वाद घालायचा नसतो, तेव्हा मिशी एका बाजूने किंचित वर जाते. का जाते? खाली ओठ तसा दाबला जात असणार. आणि असा ओठ दाबणारं दुसरं माणूस मी जन्मापासून पाहिलेलं आहे. सुईत दोरा ओवताना, कुणाचं खोटं ऐकताना, मी ट्रंक घेऊन दारात उभी असताना. तुम्ही दोघं भावंडं आहात हे मला अर्थातच माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं, आणि ते कानशीने घासून हाताखाली येताना बघणं वेगळं. मी घासत होते, फिरत होते, पुन्हा घासत होते, कुणी ‘फिर’ म्हणायची गरज पडली नाही. ऊन खिडकीतून जाईपर्यंत ओठ झाला. सर दाराशी येऊन हूं म्हणाले. हा नवाच होता, आधी कधी ऐकला नव्हता. मी त्यांना चहा हवाय का विचारलं, तर नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. त्यांतल्या काठीवाल्या बाई (स्वतः दगडात काम करतात, हात बघूनच कळतं) माझ्या कामापाशी थांबल्या आणि समोरचं कार्ड मोठ्याने वाचलं. कार्ड आठवडाभर आधीच देऊन झालं होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘मिशीवाले मामा’. बाईंनी डोक्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, मागे जाऊन मिशी तिकडे आहे का तेही पाहिलं. मी खोटं काय बोलणार? खोकं उघडून तुकडे दाखवले. निळीची हकिगतही सांगितली, माझ्या कानामागे ती अजून होतीच. बाईंनी काठीने खोकं हळूच बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, मिशी मोडली तिथून हिचं काम सुरू झालंय. ठेवा हिला. फक्त प्लास्टर मी पुढच्या वर्षी नव्या मुलांबरोबर पहिल्यापासून शिकायचं, असं ठरलं. मामा, माझा जीव भांड्यात पडला. खूप आवाज करत पडला असणार, कारण सगळे वळून बघत होते.

पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. दारात बाबा उभे होते, मोकळी ट्रंक आणि दोरी घेऊन. निकालाच्या दिवशी येतो म्हणाले होते तसे आले होते. आमच्या वर्गात प्लास्टरची धूळ इतकी उडते की ते आल्यापासून चष्माच पुसत होते. मी काही सांगायच्या आत ते थेट त्या डोक्यापुढे जाऊन उभे राहिले. बराच वेळ पाहिलं. मग, कुणी न सांगता, ते फिरले. पूर्ण फेरी मारून समोर आले आणि मला विचारलं, “हिचे केस कुठे गेले?”

हिचे. मामा, ‘याचे’ नाही, ‘हिचे’. कार्ड त्यांनी वाचलंच नव्हतं. मग ते हळूच म्हणाले, तू निघालीस त्या दिवशी ती असंच तोंड करून बसली होती, मला वाटलं रागावलीय. त्यांनी चष्मा काढून पाहिलं, पुन्हा घालून पाहिलं. “रागावलेलं तोंड नाही हे. दोन्हींतून तसंच दिसतंय.” बाबांना कधी दोन्हींतून सारखं दिसल्याचं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला रडू आलं, आणि नीळ पुन्हा ओली झाली. ट्रंक ते इथेच ठेवून गेले. अवजारं ठेवायला होईल, म्हणाले.

घरी जाऊन त्यांनी आईला सरळ विचारलं, त्या दिवशी तुला काय म्हणायचं होतं? आईने लगेच मला फोन केला. म्हणाली, मला ‘जाऊ दे तिला’ एवढंच म्हणायचं होतं, पण तुझा बाप आणि तुझा मामा असे ओरडत होते की तीन शब्द मधे घालायला जागा मिळाली नाही. नंतर तू गेलीसच, मग बोलून काय करायचं? आणि वर म्हणाली, एवढं विचारायला यांना वर्ष लागलं, त्यासाठी माझ्या भावाची मिशी फोडावी लागली.

तर असं आहे. मी सुखात आहे, कंबर सोडून. मामींना नमस्कार, कुत्र्याला थोपटणे.

तुमची भाची

ता. क. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचं प्रदर्शन आहे, त्यात हे डोकं मांडणार आहेत. कार्डाचा घोळ अजून मिटलेला नाही. बाबा म्हणतात, त्यावर ‘आई’ लिहा. आई म्हणते, त्या टकल्या डोक्यावर माझं नाव घातलंत तर मी येणार नाही. सर म्हणतात, ज्याचं डोकं त्याला बोलवा, तो सांगेल. म्हणून तुम्ही यायला हवं.

आणखी एक ता. क. येताना मिशी काढून या. रागावू नका, आधी ऐका. तो ओठ मी केला खरा, पण तो तिथे आहे की नाही हे मला माहीत नाही, आणि त्या विचाराने मला चैन पडत नाही. केस काय, परत येतात. मामींना मी आधीच कळवलंय. त्या म्हणाल्या, लग्नापासून मलाही बघायचंय, आणि साबण-वस्तरा त्यांनी आरशापुढे काढून ठेवलाय.

शेवटचं. मिशीचं जाऊ द्या. ठेवलीत तरी चालेल, पण या. त्या दिवशी आई येणार आहे. तिने मला विचारलं, मामा येतोय का? मी म्हटलं, माहीत नाही. त्यावर ती काही बोलली नाही, ओठ मिटून बसली असणार, हे मला फोनवरसुद्धा दिसलं. आणि मिशी काढलीतच, तर आरशात बघून दचकू नका. नीट बघा. ते रागावलेलं तोंड नाही, मामा.